वळणावरचे लाल ठिपके

वर्गात पाऊल टाकता टाकता "अंश सगळेच सांगतात, छेद कोण सांगणार?" असं विचारणाऱ्या माणसाला पोरांनी ‘छेदसर’ म्हणायला सुरुवात केली, त्यालाही आता जमाना झाला. "वॉर्डात गोवराची दहा पोरं आलीत," असं कुणी म्हटलं, की सर चष्मा कपाळावर चढवत, मान तिरकी करत आणि म्हणत, "बऽरं. दहा. पण कितीतली दहा?" ही नक्कल ज्याला येत नाही तो डॉक्टर व्हायच्या लायकीचा नाही, असं मेसमध्ये मानलं जाई. सर्जरीचे सर तर ती स्टाफरूममध्ये, खुद्द त्यांच्यासमोर करत. "बऽरं. चहात साखर दोन चमचे. कितीतले दोन?" छेदसरही हसत. साथरोगशास्त्र शिकवायचं तर हसून घ्यायची सवय लागतेच. पोरांना टाके घालायचे असतात. भागाकार कुणाला करायचा असतो?

पण वर्षातून एकदा सरांचा दिवस यायचा. गल्लीचा दिवस.

कॉलेजच्या मागे एक चिंचोळी गल्ली होती. दर उन्हाळ्यात सर नव्या बॅचला तिकडे नेत. पोरं घरोघर विचारत फिरत: माणसं किती, जुलाब कुणाला झाले, कधी झाले, पाणी कुठलं पिता. दुपारी वर्गात गल्लीचा मोठा नकाशा लागे आणि प्रत्येक आजारी घरावर एक लाल ठिपका पडे. आधी ठिपके कसेही सांडल्यासारखे दिसत. मग गल्लीच्या वळणाशी ते दाटायला लागत, आणि मागच्या बाकावर डुलक्या घेणाराही उठून बसे. नकाशात पाण्याची निळी रेघ आणि गटाराची काळी रेघ तिथंच एकमेकींना चिकटलेल्या असत. "सर, पाइप गटारातून जातो!" कुणीतरी पुढून ओरडे. सर हातावरची खडूची पूड झटकत म्हणत, "बऽरं. मी कुठं सांगितलं? तुम्हीच सांगितलंत." एवढ्या एका क्षणासाठी ते वर्षभराचे टोमणे पचवत. मग परीक्षा होई, बॅच पुढे सर्जरीकडे पळे, नकाशा कपाटात जाई.

गल्लीतली दारं पोरांसाठी उघडायची ती शिवणकाम करणारी ताई. तिचं घर वळणावरच, ओट्यावर मशिन. "अगं उघड गं दार, आपले डॉक्टर आलेत," अशी समोरच्या घराला हाळी द्यायची आणि पोरांना दटावायची, "फिदीफिदी हसू नका रे. जुलाब तुम्हाला होत नाहीत वाटतं? चला, माझ्यापासून सुरू करा." पोटं बिघडतात ती उन्हानं, अशी साऱ्या गल्लीसारखी तिचीही समजूत. मागच्या वर्षी तिची नात जुलाबांनी पार सुकून गेली, तेव्हा सरांनीच धावाधाव करून तिला बेड मिळवून दिला आणि सलाइन लागेपर्यंत शेजारी उभे राहिले. तेव्हापासून सर म्हणजे घरचा माणूस. त्यांच्या शर्टाचं बटण लोंबत असलं, की ती न विचारता हात धरून बसवायची आणि टाका घालायची. इतका मान सरांना दुसरीकडे कुठंच नव्हता. बायको म्हणायची, "गल्लीत जाऊन आलात की दोन दिवस ताठ चालता हं तुम्ही."

त्या वर्षीच्या बॅचमध्ये एक मुलगी होती. बोलायची हळू आणि विचारायची सरळ. ताईच्या ओट्यावरचे प्रश्न आटोपून ती समोरच्या गटाराशी गेली, फरशीच्या फटीतून वाकून पाहिलं आणि ओट्यावर सरांकडे परत आली.

"सर, पाइप गटारात बुडालाय. जोडाला चिंध्या गुंडाळल्यात."

"बऽरं."

"हे मागच्या बॅचलाही सापडलं असेल ना?"

"सापडलं होतं की," सर म्हणाले. कौतुकानंच म्हणाले, चांगला प्रश्न आला की त्यांचा चेहरा उजळायचा.

"त्यांच्या आधीच्या?"

"त्यांनाही."

"मग तो अजून तसाच कसा?"

मशिनचा आवाज थांबला.

"त्याचं असं आहे," सर म्हणाले, "थोड्या आकड्यांवर पाणीखातं हलत नाही. पुरावा भक्कम लागतो. अजून एखाद्या वर्षाचे आकडे हाती आले, की..."

"डॉक्टर," ताई म्हणाली. हातातलं कापड तिनं मांडीवर ठेवलं. "माझी नात सलाइनवर पडली होती ना, तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं?"

सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पुन्हा खाली घेतला. "ताई, तसं नाही..."

"माहीत होतं का नव्हतं, तेवढं सांगा."

"होतं."

तिनं मान हलवली, कापड उचललं, आणि शिवायला लागली.

दुसऱ्या दिवशी सर पाणीखात्यात गेले. भक्कम पुराव्याचं भेंडोळं काखेत होतं. इंजिनियरनं ते उलगडलंसुद्धा नाही. "गटारातला पाइप ना? अहो सर, एवढंच? मग आधी नाही का बोलायचं? फोन केला असता तरी माणूस पाठवला असता." खरंच पाठवला. पाइप वर उचलला गेला, नवा जोड बसला. घरी सरांनी हे सांगितलं तेव्हा बायको सहज म्हणाली, "बरं झालं. पण मग आता पोरांना नेणार कुठं?" सर जेवता जेवता थांबले. पाणीखात्याच्या जिन्यावरून उतरताना त्यांच्याही मनात नेमकं हेच आलं होतं. आणि ते काही त्या दिवशी पहिल्यांदा आलं नव्हतं. दर वर्षी आलं होतं, फक्त ‘अजून थोडे आकडे’ असं नाव लावून आलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात ते नवी बॅच घेऊन गेलेच. यंदा कुणी हाळी दिली नाही; पोरांनी आपली आपण दारं वाजवली. "सर, इथं काहीच नाहीये, बोअर आहे," एकजण कुरकुरला. "काहीच नाही, असंच लिही," सर म्हणाले. ओट्यावर ताईनं पोरांना धड उत्तरं दिली, परक्या माणसांना देतात तशी.

"घरात माणसं?"

"चार."

"जुलाब कुणाला?"

"नाहीत."

"पाणी उकळून पिता?"

"उकळूनच."

सरांना राहवलं नाही. "ताई, आता उकळायची गरज नाही हो. पाणी चांगलं आहे आता."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो."

ताईनं सुईत दोरा ओवला, गाठ मारली, आणि पोरांकडे बघत म्हणाली, "लिहा तुम्ही. उकळून पितो."