वीज चार हात सरकली असती

"त्या लमाणाच्या बाईला खाली बसवा कुणीतरी."

महाराजांनी माइकवरून म्हणलं. सप्त्याचा शेवटचा दिवस, काल्याचं कीर्तन, मांडव गच्च भरलेला. भोंगे चारी दिशांना बांधलेले, त्यामुळं ते शब्द सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यापलीकडं आमच्या तांड्यापर्यंत गेले. घरात भिंतीकडं तोंड करून पडलेल्या माझ्या सुनेनं ऐकले.

लोक हसले. एका बाईनं माझा पदर ओढला. आम्ही तांड्याच्या बाया चपलांपाशी बसतो. कुणी बसा म्हणत नाही तिथं, पण आमची जागा तीच. त्या जागेवर मी उभी होते.

काहून उभी राहिले, ते सांगते.

सोनी माझी नात. पायाळू होती. म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आले, डोकं मागून. आमच्याकडं म्हणतात, पायाळू माणूस वीज ओढून घेतं. आणि असंही म्हणतात, की पाठीत उसण भरली तर पायाळूचा पाय लावून घ्यावा, पाठ मोकळी होते. गावातल्या पाटलीणबाईंची पाठ सारखी धरायची. मग निरोप यायचा, सोनीला धाडा. त्या पालथ्या पडायच्या, सोनी भिंतीला धरून त्यांच्या पाठीवर पाय ठेवायची. घरी आली की नक्कल करायची, "हळू गं माय, मेले, मेले!" आम्ही पोट धरून हसायचो. मी शाळा पाहिली नाही. मला अक्षर लावायला तिनंच शिकवलं. चुकले की म्हणायची, "आज्जे, तुजं डोकं दगडाचं हाय व्हय?" आज हे लिहिते ते त्याच अक्षरांनी.

सोयाबीन कापायला ती बायांबरोबर पाटलाच्या रानात गेली. सून दुसऱ्या रानात होती, मी गुडघ्यांमुळं घरी. दुपारी आभाळ भरून आलं. सगळ्या बाया पळत रानातल्या आखाड्यावर, अवजारं ठेवायच्या पत्र्याच्या खोलीत शिरल्या. पाटलीणबाई तिथंच होत्या. आभाळ कडाडलं, तशा त्या म्हणाल्या, "पायाळूला भायेर काढा आधी. समद्यायवर पडंल."

हे मला आमच्याच तांड्यातल्या बायांनी सांगितलं, खाली बघत. कुणी ढकललं नाही म्हणतात. कुणी हातही धरला नाही. सोनी आपणच उठली. बांधावरच्या लिंबाखाली जाऊन उभी राहिली. वीज लिंबावर पडली.

आणि मग गाव काय म्हणालं? बघा, खरं निघालं की नाही! आईच्या पोटात पाप, म्हणून पोर पायाळू निपजली!

अरे, झाडाखाली तुम्ही धाडलं तिला! पण नाही. पायाळू होती म्हणून वीज पडली, आणि वीज पडली म्हणून पायाळूचं खरं. घाण्याच्या बैलासारखं गोल गोल. त्या गोलात माझी सून अडकली. पोरगी गेल्याचं दुःख एकीकडं, वर हा भार. जेवण सुटलं, बोलणं सुटलं. एकच विचारायची, "आई, माझ्या पोटातच पाप व्हतं का?"

मी तिला काय सांगू? सप्त्यात महाराज आलेत, शिकलेले आहेत, म्हणलं विचारावं. ते एवढं जरी म्हणाले असते की पाप नव्हतं, तर भोंग्यावरून तिनं ऐकलं असतं. तेवढ्यासाठी गेले होते मी. भांडायला नव्हते गेले.

महाराज रंगात आले होते. देव सर्वज्ञ आहे, सर्वशक्तिमान आहे, दयेचा सागर आहे. मी उठले.

"महाराज, एक इचारू का?"

हसले. "विचारा, माई."

"देवाला समदं कळतं?"

"सगळं."

"समदं करता येतं?"

"सगळं."

"आन् माया समद्यायवर?"

"मुंगीवरसुद्धा."

"मंग माझी सोनी लिंबाखाली उभी हाय, हे त्याला कळलं आसंल. वीज चार हात तिकडं सरकवता आली आसती. माया बी व्हती. मंग काहून न्हाई सरकवली?"

महाराजांनी उपरणं सारखं केलं. म्हणाले, "आई लेकराला कडू औषध पाजते. लेकराला वाटतं, आई वाईट."

"आई पाजून मांडीवर घेती, महाराज. लेकरू बरं हुतं, खेळाया लागतं. माझी सोनी उठली न्हाई."

"मागच्या जन्मीचं कर्म, माई. ते कुणाला चुकत नाही."

"मागच्या जन्मी ती काय करणार, ते बी देवाला ठावं आसंल की. तवाच काहून न्हाई आडवलं?"

कुणीतरी खुदकन हसलं. महाराजांचा चेहरा बदलला. "हरिकथेत तर्क चालत नाही," म्हणाले. आणि मग ते, लमाणाच्या बाईला खाली बसवा.

पुढच्या रांगेतून पाटलीणबाई मान वळवून बोलल्या. "देवानं पायाळू पोर नेली म्हणून बाकीच्या वाचल्या, हे बी सांग की!" महाराजांनी मान डोलवली. टाळ वाजायला लागले.

त्या पाटलिणीच्या पाठीवर सोनीचा पाय चालत होता. खोलीत सोनी चालत नव्हती.

मी बसले नाही. महाप्रसादाला थांबले नाही. तशीच चालत घरी आले. सून भिंतीकडं तोंड करून रडत होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

आमच्या तांड्याचे नायक म्हातारे, भले माणूस. संध्याकाळी आले, म्हणाले, "बाई, तू बराबर इचारलंस. पण त्यानं देव खोटा ठरत न्हाई. देवाला जे दिसतं ते आपल्याला दिसत न्हाई, आसं म्हणलं की तुज्या इचारण्याचा दोरा तुटला."

मी पुष्कळ विचार केला त्यावर. अजून करते. भाकरी थापताना, नळावर थांबले की. नायकाचं खरं असेल. माझ्या डोक्यात मावणार नाही असं काही कारण असेल देवापाशी. नसेलही. मला सिद्ध करता येत नाही, आणि ते न येण्याचा त्रास मला रोज होतो. देव्हाऱ्यापुढं हात जोडते आणि मध्येच सोडते. पण एक मला लख्ख कळलं. देवाचं कारण माणसाला दिसत नसेल, तर ते महाराजांनाही दिसत नाही. पाटलीणबाईंनाही नाही. मग "पाप होतं" हे त्यांना कुठून दिसलं?

सुनेला मी तेच सांगितलं. तिच्यापुढं बसून, हनुवटी धरून. "लेकरू पोटात कदी उलटं ऱ्हातं, कदी सुलटं. येवढंच हाय ते. पाप म्हणणाऱ्याला इचार, तुला कुणी सांगितलं?" ती लगेच उठली नाही. पण त्या दिवशी अर्धी भाकरी खाल्ली.

औंदा पुन्हा सोयाबीन कापायला गेलो. गुडघे दुखत असतानाही मी मुद्दाम गेले. तीच खोली, तेच पत्रे. लिंब जळून काळा उभा. आमच्यातल्या एका बाईची पोरगी पायाळू आहे, आईमागं रानात आलेली. आभाळ वाजलं. पाटलीणबाईंनी पोरीकडं पाहिलं. सगळ्या बायांनी पाहिलं. पोरगी उठायला लागली. सोनीसारखीच, आपणहून.

मी तिला ओढून खोलीच्या मधोमध मांडीवर बसवलं.

"ही भायेर जाणार न्हाई," मी म्हणलं. "ज्याला भ्या वाटतं त्यानं जावं."

कुणी गेलं नाही. पाऊस पडून गेला.

वीज कुठं पडायची ते देवाच्या हातात असेल, नसेल. दाराबाहेर कुणाला काढायचं ते आपल्या हातात होतं. आता माझ्या डोळ्यांदेखत कुणाला बाहेर काढू देणार नाही. महाराज सांगो, पाटलीण सांगो. उद्या देव स्वतः दारात येऊन म्हणाला, तरी त्याला आधी विचारीन, काहून? आणि उत्तर मिळेपर्यंत पोरगी माझ्या मांडीवरच राहील.