चीजचा अर्धा तुकडा

गोंदियातील त्या भव्य दुकानाच्या खाद्यदालनात विदेशी चीज चाखायला देत. शेजारी उभ्या असलेल्या धोतरवाल्या वृद्धाने आपल्या तुकड्याचे दोन भाग केले आणि एक माझ्या हातावर ठेवला.

तेवढ्यात रखवालदार ओरडला, "बाबा, फिर आ गए? रोज फुकट का खाते हो, चलो बाहर!"

मी संतापलो. चाखायला बोलावून माणसाला हाकलणे कोणत्या कायद्यात बसते, असे व्यवस्थापकाला विचारून मी ग्राहक मंचाकडे लेखी तक्रार करण्याचा इशारा दिला.

वृद्धाने माझी बाही ओढली. "राहू द्या जी. खायले काऊन येईन मी? म्हातारी गेली तवापासून एकट्यानं घास उतरत नाही. इथं अर्धं द्यायले कोणीतरी भेटते."

व्यवस्थापक बोलतच होता. त्याच्याकडे पाठ फिरवून मी तो तुकडा तोंडात टाकला. माझे खाऊन होईपर्यंत वृद्ध थांबला. मग स्वतःच बाहेर निघाला.