मस्कतच्या मापाची बायको

रत्नागिरीच्या राजिवड्यातल्या बायकांना आखातातल्या नवऱ्यांकडून सोन्याच्या बांगड्या येत, अत्तराच्या बाटल्या येत, काहीच नाही तर एखादं जाडजूड ब्लँकेट येई. कौसरला वजनकाटा आला. गावी सुटीवर येणाऱ्या कुणाच्या तरी सामानातून मन्सूरने तो मस्कतहून पाठवला होता, सोबत खजुराचं एक पाकीट. त्या पाकिटाला तू हात लावायचा नाहीस, हा निरोपही होता.

दर जुम्म्याला त्याचा फोन येई. आधी आईची तब्येत, मग पोरांची शाळा, आणि सगळं आटोपल्यावर, "काटा काय बोलता?" कौसर आकडा सांगे. मग तिकडून उपदेश सुरू होई. भात सोड, नारळ सोड, साखर तर विषच. कंपनीतल्या बड्या लोकांच्या बायका कशा सडपातळ असतात ते तो असं वर्णन करून सांगे, की जणू ह्याचाच पगार त्यांच्याएवढा आहे. "तू साठाच्या खाली उतर," तो म्हणे, "मग तुझा व्हिसा काढतंव."

हे दोन हजार दोन सालातलं. तो व्हिसा कौसरला हवा होता, आणि थोडाथोडका नाही. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि बारा वर्षं तिची सासू मैमुना तिच्या प्रत्येक टोपाचं झाकण उघडून आत बघत आली होती. मीठ किती, तेल किती, माशाचा मधला तुकडा कुणाला. मस्कतला दोन खोल्या असतील, त्यातल्या एकीत चूल असेल आणि तिचं दार आतून लावता येईल. एवढ्यासाठी कौसरने गवतही खाल्लं असतं. जवळजवळ तेच खाल्लं तिने. घरादाराला बांगडे तळून, भाकऱ्या थापून, मैमुनाला तुपातला शिरा करून घातला की मागे ती उकडलेला दुधी घेऊन बसे. रत्नागिरीत राहून भात आणि नारळ सोडणारं माणूस एक तर आजारी असतं नाहीतर वेडं. ती ह्या दोन्हींच्या मधे कुठेतरी होती.

मग मन्सूरने फोनवर व्यायाम सांगितला. रोज चालायचं. आता मोहल्ल्यातले पुरुष संध्याकाळी भाट्याच्या पुलावर जातात, कठड्याला टेकतात, खाडीत थुंकतात आणि परत येतात. त्याला हवा खाणं म्हणतात आणि त्याबद्दल कुणी त्यांना जाब विचारत नाही. पण बाई नुसती चालते म्हणजे काय? कुठे चालली? कुणाकडे? मैमुनाने त्यावर तोडगा काढला. "हातात पिशवी घेऊन जा. बाजारात चालली असा वाटेल."

ह्या अकलेला काय म्हणावं? पहिल्याच दिवशी समोरची खाला दारातून ओरडली, "बाजारात चाललंस? मग माझे मासे पन आन गो!" दुसऱ्या दिवशी कुणाच्या मिक्सरचं भांडं दुरुस्तीला, तिसऱ्या दिवशी कुणाच्या नातवाची चप्पल बदलायला. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, तशी गत. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण बाजारात जात नसशील तर मग कुठे जातेस, हा प्रश्न तयारच होता. दोन-तीन महिन्यांत कौसर अख्ख्या मोहल्ल्याची हमाल झाली. बुरख्यात घाम गाळत, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन ती चढ चढून येई आणि पुलावर टेकलेले ते हवा खाणारे तिच्याकडे बघून, काय मेहनती बाई आहे, असं म्हणत.

वजन उतरत गेलं आणि त्याच्यासोबत कौसरही. सकाळी जाग आली की पाय जमिनीला लावू नयेत असं वाटे. चुलीपुढे उभी असताना मीठ घातलं की नाही ते आठवेना. एकदा पोराने पाणी सांडलं म्हणून तिने त्याच्या कानाखाली मारली आणि मग न्हाणीत जाऊन तोंडात ओढणी कोंबून रडली. मैमुना शिऱ्याचा घास घेई, तेव्हा त्या चघळणाऱ्या तोंडाकडे कौसर अशी बघत राही की तिची तिलाच भीती वाटे. तिने फोनवर सांगितलं, "मना आता होत नाय. जीव थकलाय माझा."

"थकवा म्हंजे चरबी जळता," मन्सूर म्हणाला. "चांगला हाय."

लोका सांगे ब्रह्मज्ञान. मस्कतला बसून माणूस हकीम होतो, असा काहीतरी तिथल्या पाण्याचा गुण असावा.

पण मोहल्ल्याचं शास्त्र वेगळं. आखातात असलेल्या माणसाच्या बायकोने भरत जायचं असतं. तिचे गाल म्हणजे त्याच्या कमाईची पावती. कौसरच्या गळ्याची हाडं दिसू लागली तेव्हा लोकांनी चुटकीसरशी निकाल दिला, मन्सूरने तिकडे दुसरी केली. खाला डोळे पुसत खिरीचं भांडं घेऊन आली आणि रडता रडता घरात टीव्ही अजून आहे ना तेही बघून गेली. मस्कतला मन्सूरच्याच खोलीत राहणारा उमेर तेव्हा सुटीवर आला होता. तो ही बातमी घेऊन परत गेला.

पुढच्या जुम्म्याला मन्सूरने वजन विचारलं नाही. तो कडाडलाच. "तू खात नायस काय? लोकां काय बोलतत म्हायत हाय? माझी इज्जत घालवलीस! मी येयाच्या आदी अंग धर."

त्या दिवसापासून मैमुना भातावर तूप ओतू लागली. वर हुकूम असा की कौसरने पडवीत बसून जेवायचं, रस्त्यावरून दिसलं पाहिजे. जी बाई शिऱ्याचं भांडं कुलुपात ठेवायची, ती आता येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात, "अजून घे गो, अजून घे," म्हणून ओरडत होती.

कौसर ताटाकडे बघत राहिली आणि तिला हसू आलं. मोठ्याने. मग ताट तसंच ठेवून ती आत गेली आणि भर दुपारी, रांधायच्या वेळेला, भिंतीकडे तोंड करून झोपली. मैमुनाने भांडी आपटली, अल्लाला हाका मारल्या. दुपार कलून असरची बांग झाली तरी कौसर उठली नाही. दुसऱ्या दिवशीही झोपली, आणि तिसऱ्या. भूक लागली की जेवायची, तेही स्वयंपाकघरात. खालाने माशांसाठी पिशवी पुढे केली तेव्हा म्हणाली, "अल्लान तुमाला पन पाय दिलेत." हळूहळू तिच्या तोंडाला रंग आला. पोरांच्या अंगावर ओरडणं थांबलं.

मन्सूर आला तेव्हा जीपमधून आधी त्याचं पोट उतरलं. बायकोला वर्षभर दुधी उकडायला लावणारा हा माणूस स्वतः फणसासारखा गरगरीत झाला होता. त्याने कौसरला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, समाधानाने मान हलवली आणि लोकांनी बघावं म्हणून तिला दोन दावतींना फिरवून आणलं. मग एका सकाळी त्याने बॅगेतून व्हिसा काढून तिच्या हातात दिला.

दोन खोल्या, आतून कडी. बारा वर्षांनी पहिल्यांदा नवऱ्याबद्दल तिला माया वाटली, खरीखुरी.

"तिथल्या डॉक्टरान साखर सांगितल्यान," मन्सूर म्हणाला. "भात बंद, तेल बंद. हाटेलातला आता चालत नाय. तुना सगळा म्हायत हाय, काय उकडून घालायचा ता. आनि सांजचा चालायचा हाय. एकट्याला कंटाळा येता."

म्हणजे त्याला बायको नको होती, पथ्याचं सामान हवं होतं. कौसरने विचारलं, "मी थकलंय असा बोललंय, तवा तुमी काय बोललाव?"

त्याला आठवेना. आठवण्याचा प्रयत्नही त्याने धड केला नाही. "ता आता र्‍हाऊ दे. तिकिटाचा बघूया."

त्या दोन खोल्या तिने पुन्हा डोळ्यांसमोर आणल्या. ओटा, खिडकी, कडी लावलेलं दार, सगळं तसंच होतं, फक्त आता आत पलंगावर मन्सूर बसला होता. तिला त्या खोल्यांसाठी इतकं वाईट वाटलं की डोळे भरून आले. तिने व्हिसा घडी घालून त्याच्या मांडीवर ठेवला.

"मस्कत मना लय पायजे व्हता," ती म्हणाली. "पन तिथं तुमी असनार, ह्यो इचार मी कवा केलाच नव्हता."

मन्सूर पोटावर हात ठेवून बसून राहिला. कौसर डोळे पुसून भाताचं बघायला उठली.