काउंटीचे शेवटचे क्लार्क

पुलाच्या बरोबर मध्यावर गाडी आली की रॉन मॅकी मांडीवरची टोपी उचलून डोक्यावर ठेवायचे. परतताना तिथेच काढायचे. डोळे दाखवायला मी त्यांना पहिल्यांदा पामर्स्टन नॉर्थच्या हॉस्पिटलात घेऊन गेले, तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला वारा लागत असेल. शेवटी न राहवून विचारलं. तर म्हणाले, "घरात कोणी टोपी घालतं का? बाहेर पडलं की घालायची."

घर म्हणजे त्यांची काउंटी. आम्ही न्यूझीलंडला आलो त्याच्या थोडंच आधी सरकारने देशातल्या जवळजवळ सगळ्या काउंट्या मोडीत काढून मोठमोठे जिल्हे केले होते. रॉन आपल्या काउंटीचे शेवटचे क्लार्क. क्लार्क म्हणजे आपल्याकडचा कारकून नव्हे. रस्ते, पूल, दफनभूमी, सगळा कारभार त्यांच्या हाताखाली. काउंटीला चांगलं भारदस्त नाव होतं, पण जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत तसे ते कधी घ्यायचे नाहीत. नुसतं 'काउंटी' म्हणायचे. मीही इथे घेत नाही.

मी तिथल्या छोट्याशा गावात फार्मसिस्ट होते. नवरा युनिव्हर्सिटीत गवतावर संशोधन करायचा, हे साताऱ्यात सासूबाईंना कधी पटलं नाही. रॉन आमचे शेजारी. मूलबाळ नाही, बायको वारलेली. मिस्टर मॅकी म्हटलेलं त्यांना खपत नसे, म्हणून मी तोंडाने रॉन म्हणायचे आणि मनात अहोजाहो करायचे. ज्योती त्यांच्या जिभेला झेपेना, म्हणून मी झाले जो.

काउंटीची हद्द हा त्यांचा जीव की प्राण. दक्षिणेला नदी, उत्तरेला डोंगराची धार, बाकी राजधानीतल्या कुणीतरी नकाशावर पट्टी ठेवून ओढलेल्या रेघा. एका पुरात नदीने पात्र बदललं आणि एका शेतकऱ्याचं कुरण गाईंसकट पलीकडे गेलं. शेजारच्या काउंटीने ते आपलं म्हटलं. रॉन गमबूट घालून जुन्या कोरड्या पात्रातून चालत गेले आणि खुंट्या ठोकून आले. "नदी वेडी झाली म्हणून आपण व्हायचं का?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तिथला एक माओरी म्हातारा त्यांना हसायचा. त्याचे नातेवाईक काउंट्या व्हायच्या आधीपासूनच दोन्ही काठांना होते.

पुलाची देखभाल दोन्ही काउंट्यांनी अर्धी अर्धी करायची असा रिवाज होता. रॉनची माणसं मध्यापर्यंत हिरवा रंग देत, पलीकडची करडा. रस्ता सारखा करणारं यंत्रसुद्धा हद्द आली की पातं उचलून माघारी वळायचं, मग पुढे हातभर खड्डा का असेना. मला हा शुद्ध हट्टीपणा वाटायचा आणि मी तसं बोलूनही दाखवायचे. ते हसून घ्यायचे.

मग एका उन्हाळ्यात नव्या कौन्सिलने अख्खा पूल एका रंगात रंगवला. त्या दिवशी रॉन फार्मसीत आले आणि औषधासाठी थांबणाऱ्यांच्या खुर्चीवर बसून राहिले. गिऱ्हाईक गेल्यावर मी जवळ गेले. तेव्हा त्यांनी बायकोचं, मॉलीचं सांगितलं.

मॉली पलीकडच्या काठावरची. चाळीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याकडे एकच हट्ट धरला होता: मला आईशेजारी पुरा आणि तुम्हीही तिथेच या. पण नदीच्या अलीकडच्या दफनभूमीत पहिली रांग काउंटीच्या क्लार्कांची. आजवरचे सगळे तिथेच निजलेले. रॉननी तिला आईशेजारी पोचवलं आणि तिच्या भावाला, ॲलनला, कबरीपाशीच सांगितलं की माझ्यासाठी जागा ठेवू नकोस.

"ज्या रेघेसाठी तिला एकटीला ठेवलं, जो, ती रेघच त्यांनी पुसली," ते म्हणाले. "आता मी कुठला क्लार्क?"

त्यांच्या पिशवीत मी वेदनेवरच्या मॉर्फिनच्या गोळ्या घातल्या. लेबल मीच चिकटवलं होतं, त्यामुळे त्यांचे किती दिवस उरलेत ते मला कोणी सांगायला नको होतं.

रविवारी त्यांना ॲलनकडे घेऊन गेले. पूल ओलांडताना टोपी मांडीवरच राहिली. ॲलन गाईंचं दूध काढण्याच्या शेडमधून हात पुसत आला. घरात या म्हणाला नाही. रॉननी उभ्याउभ्याच विचारलं.

"जागा ठेवली होती," ॲलन म्हणाला. "तू नको म्हणालास. मग बाबांना तिथे ठेवलं. आता तिच्या एका बाजूला आई आहे, एका बाजूला बाबा."

"बरोबर आहे," रॉन म्हणाले.

परतताना ते खिडकीबाहेर बघत होते. मला गप्प बसवेना. मी सांगितलं, माझ्या वडिलांना आम्ही जाळलं आणि अस्थी माहुलीला कृष्णेत सोडल्या. छोट्याशा गाडग्यात ते मावले होते. आमच्यात शेवटी माणसाला जागा लागत नाही. त्यांना ते आवडलं नसावं. मॅकींच्या घरात कोणाला जाळलं नव्हतं, अखंड माणूस मातीत जायचा. पण आठवड्याने त्यांनी स्वतः ॲलनला फोन केला आणि विचारलं, तिच्याच कबरीत मूठभर राख चालेल का. ॲलनने विचार करतो म्हणून फोन ठेवला.

त्याचा फोन काही आला नाही. रॉन रोज विचारायचे, "ॲलन दुकानात आला होता का?" शेवटी शेवटी नुसतेच माझ्या तोंडाकडे बघायचे आणि मी नाही म्हणून मान हलवायचे. कोकरांच्या दिवसांत, एका सकाळी ते गेले. उत्तर न मिळताच गेले, याचं मला अजून वाईट वाटतं.

राख माझ्या हाती द्यावी असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. आपल्यात अस्थी घरात आणत नाहीत, म्हणून मी राखेचा डबा गॅरेजात ठेवला. नवरा म्हणाला, "आपण त्यांचे कोण लागतो गं?" रोज गाडी काढताना मला त्या डब्याकडे बघवत नसे.

मग एकदा फार्मसीत फोन वाजला. ॲलन. "शनिवारी ये. दूध काढून झालं की," एवढंच बोलून त्याने ठेवला.

मी गेले तेव्हा त्याने मॉलीच्या कबरीवरची हिरवळ चौकोनी कापून बाजूला ठेवली होती आणि खड्डा खणून तो तयार होता. पाद्री नव्हता, दुसरं कोणीच नव्हतं. डबा माझ्या हातून घेऊन त्याने गुडघे टेकले आणि राख स्वतःच्या हाताने आत ओतली. माती लोटली, गवत परत बसवलं, तळव्याने थोपटलं. उठायच्या आधी तो बहिणीच्या दगडाकडे वाकून, अगदी घरातल्यासारखं, हळूच म्हणाला, "मॉल, जरा सरक. आलाय एकदाचा."