हात न लावता म्हटलेलं ‘हाय’

कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरीला लागलो, तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या स्टोअरकीपरने मला एक सवय लावली. खिडकीवर कुणी बेअरिंग मागायला येवो नाहीतर हातमोजे, आधी उठायचं, रॅकपर्यंत जायचं, वस्तूला हात लावायचा आणि मगच ‘आहे’ म्हणायचं. ‘नाही’ बसल्या जागेवरून म्हटलं तरी चालेल, असं तो सांगायचा. ‘नाही’ ऐकलेला माणूस दुसरीकडे जाऊन बघतो. ‘आहे’ ऐकलेला माणूस थांबतो.

एवढ्या वर्षांत ती सवय मी एकदाच मोडली.

मी साताऱ्याकडचा. तारापूर-बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आलो, तेव्हा जवळच्या पाम गावात एका चिकूच्या वाडीत खोली भाड्याने घेतली. पहिल्या दिवाळीला रजा मिळाली नाही. बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली. भाऊबीजेच्या दिवशी मी दार लोटून पडलो होतो, तर घरमालकीण पाट मांडूनच बोलवायला आली. म्हणाली, “एकटे कशाला बसता, भाऊ? आमी हाय ना.” त्या दिवसापासून ती माझी ताई झाली. पुढे मी सरावलीला स्वतःचं घर घेतलं, पण भाऊबीज पामलाच. ताईचा नवरा, माझे भावजी, मोठा चेष्टेखोर माणूस. वाडीत कुणी व्यापारी आला की माझ्याकडे बोट दाखवून सांगायचा, “हा आमचा घाटी मेवना. चिकू झाडाला लागतो की वेलाला, अजून इचारतो.” मला ते आवडायचं. आमच्या गावाकडेही ‘हाय’ म्हणतात, इथेही ‘हाय’. हा एक शब्द मला या मुलखात पहिल्या दिवसापासून परका वाटला नाही.

करोनाच्या दुसऱ्या वर्षी कुंभवलीजवळच्या एका बंद कारखान्याची शेड सरकारी गोदाम म्हणून घेतली गेली. मास्क, पीपीई किट, औषधं, सिलिंडर आणि हवेतून ऑक्सिजन काढणाऱ्या मशिनी तिथे उतरायच्या आणि तिथून दवाखान्यांना जायच्या. माणसं कमी पडत होती, म्हणून आमच्या कंपनीने मला काही महिन्यांसाठी तिकडे दिलं. पहिल्या दिवशी तिथल्या अधिकाऱ्याने माझं आडनाव ऐकलं, गाव विचारलं आणि हसून टेबलावर हात मारला. त्याचं गाव माझ्या गावापासून ओढा ओलांडला की लागतं.

बोईसरमध्ये घाटावरून आलेल्या माणसाला ‘गाववाला’ भेटणं म्हणजे काय, ते इथे राहिल्याशिवाय कळणार नाही. खोली, नोकरी, दवाखाना, मुलीचं लग्न, सगळं गाववाल्याच्या शब्दावर होतं. त्याचा शब्द कुणी तपासत नाही. तपासला तर तो शब्दाचा नाही, गावाचा अपमान होतो. चारचौघांत मी त्याला साहेब म्हणायचो, एकटे असलो की दादा. तो मला पाव्हणं म्हणायचा.

ताबा घेताना त्याने मला सगळं गोदाम फिरवून दाखवलं. मागच्या भिंतीला लाकडी फळ्यांवर ऑक्सिजनच्या मशिनींची खोकी रचलेली होती आणि सगळ्या रचलेल्या मालाला प्लास्टिक गुंडाळलेलं होतं. मी सवयीने हात पुढे केला. तो म्हणाला, “पाव्हणं, त्याला हात नका लावू. डोंगरातल्या दवाखान्यांसाठी राखीव हायती. मोजा आणि सही करा.”

मी खोकी डोळ्यांनी मोजली आणि सही केली. प्लास्टिक फाडून एक खोकं उचलून बघावं, असं मनात आलं नव्हतं असं नाही. पण ते केलं असतं तर गाववाल्याच्या तोंडावर ‘तुझ्यावर विश्वास नाही’ म्हटल्यासारखं झालं असतं. मला ते जमलं नाही.

मग मी त्या राखीव मालाचा राखणदार झालो. ओळखीचे लोक फोन करत, कंपनीतले करत, मी नियम सांगून नाही म्हणायचो. साहेबांना भेटायला कुणी आलं की ते माझ्याकडे बघून म्हणायचे, “हा माणूस सख्ख्या बापाला मास्क देणार नाही. याच्यापुढं माझंही चालत नाही.” लोक हसायचे. माझी छाती फुगायची, हे कबूल करायला आज लाज वाटते.

उन्हाळ्यात साथ चढली आणि भावजी आजारी पडले. बोईसरच्या एका लहान दवाखान्यात त्यांना ठेवलं होतं. तिथले सिलिंडर पुरत नव्हते. डॉक्टर म्हणाले, एक मशीन मिळाली तर इथेच निभावेल, नाहीतर दुसरीकडे हलवा. ताईच्या मावसभावाने वापीला एक खाट मिळवली होती, पण संध्याकाळच्या आत पोचलो तरच ती राहणार होती. दुपारी ताईचा फोन आला. मी टेबलाशी बसलो होतो आणि समोर भिंतीला खोकी दिसत होती.

तिने रडणं-बिडणं काही केलं नाही. म्हणाली, “भाऊ, एकच इचारते. मशिनी हाय ना तुमच्याकडं?”

मी बसल्या जागेवरून म्हणालो, “हाय, ताई. समोर दिसतायत.”

“मंग नाय नेत त्यांना वापीला. एवढ्या लांब गाडीत त्यांना सोसायचं नाय.”

दवाखान्याच्या डॉक्टरांचं मागणीपत्र लागेल, साहेबांची परवानगी लागेल, मग मी स्वतः घेऊन येतो, असं मी तिला समजावलं. तेही जरा अधिकारानेच. ती बरं म्हणाली. वापीच्या खाटेला तिने नकार कळवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागणीपत्र आलं. मी साहेबांना फोन केला. आधी म्हणाले, वरून मंजुरी येऊ दे. थोड्या वेळाने म्हणाले, मीटिंगमध्ये आहे. मग फोन उचलेनात. मी दारापर्यंत जाऊन यायचो, परत खुर्चीत बसायचो. जेवणाचा डबा तसाच बांधलेला राहिला. शेवटी कटर घेतला आणि प्लास्टिक फाडलं. नोकरी गेली तर जाऊ दे, असं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी धाडस करतोय, असंही वाटत होतं.

ही मशीन चांगली जड असते. मी पाय फाकवले, गुडघे वाकवले, खोक्याच्या खाली दोन्ही हात घातले, दम धरला आणि उचललं. खोकं उशीसारखं वर आलं आणि मी तोल जाऊन मागे सिलिंडरच्या रांगेवर आदळलो. मागे उभा असलेला हमाल हसला. “क्या साब, खाना नहीं खाया क्या?”

मग त्याने माझ्या हातातून खोकं घेतलं आणि त्याचंही हसणं थांबलं. आत थर्माकोलचे दोन तुकडे होते, मशीनच्या आकाराचे. मधे मशीन नव्हती. आम्ही दुसरं काढलं, तिसरं काढलं. सगळ्यात खालच्या खोक्यांत जुन्या पॅकिंगचे पुठ्ठे दाबून भरलेले होते, रचलेला माल डुगडुगू नये म्हणून.

मी हमालाच्या फोनवरून साहेबांना फोन लावला. परका नंबर बघून त्यांनी उचलला. मी एवढंच म्हणालो, “दादा, खोकी रिकामी आहेत.” मग ते समजुतीच्या सुरात बोलायला लागले. वरून फोन येत होते, या मोठ्या माणसाच्या घरी एक, त्या मोठ्या माणसाच्या घरी एक. कुणाकुणाला नाही म्हणणार? आठवड्याभरात परत येणार होत्या. कुणी परत केल्या नाहीत, त्याला ते तरी काय करणार?

मी विचारलं, “मग मला इथं का बसवलंत?”

“तुला बसवलं म्हणून तर कुणी मागायला आलं नाही,” ते म्हणाले. आणि फोन ठेवायच्या आधी, आवाज न चढवता, “आणि सही कुणाची हाय, पाव्हणं?”

गोदामाला शटर होतं, शटरला कुलूप होतं. पण खरं कुलूप मी होतो. माझा प्रामाणिकपणा त्यांनी पहिल्या दिवशीच ओळखला होता. माझ्या गावाच्या माणसाशिवाय तो इतक्या लवकर कोण ओळखणार? चोराला त्यांनी तिथे बसवलं नाही, कारण चोराने खोकं उघडून बघितलं असतं.

पुढचं मी केलं, त्याचं खापर त्यांच्यावर फोडता येत नाही. मी ताईला फोन केला आणि म्हणालो, मशिनी संपल्या. ती म्हणाली, काल तर होत्या. मी म्हणालो, सकाळीच डोंगराकडे गेल्या. का म्हणालो? सही माझी होती म्हणून. गाववाला चोर निघाला, हे इथल्या माणसाला सांगायची लाज वाटली म्हणून. दोन्ही कारणं खरी आहेत. ताई म्हणाली, “बरं. त्यांनापन लागतातच.”

वापीची खाट दुसऱ्या कुणाला गेली होती. मी गावभर फिरून एक सिलिंडर मिळवला आणि पोचवला. तो संपेपर्यंत भावजी होते.

साथ ओसरल्यावर मी वरच्या एका साहेबांना भेटून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, कागद मागवले आणि ताबा कोणाकडे होता ते विचारलं. माझ्याकडे, मी म्हणालो. मग मला चहा देऊन परत कंपनीत पाठवण्यात आलं. गाववाल्याची बदली झाली, चांगल्या ठिकाणी.

यंदा गावच्या यात्रेला गेलो होतो. देवळाच्या पारावर तो बसला होता, भोवती दोन्ही गावांची माणसं. मला बघून उठला, खांद्यावर हात टाकला आणि सगळ्यांना म्हणाला, “करोनात आमच्या पाव्हण्यानं गोदाम सांभाळलं. एक खोकं जाग्यावरनं हललं नाही.” सगळे कौतुकाने माझ्याकडे बघत होते. माझा भाचासुद्धा. मी तो हात झटकला नाही. माझ्या गावात, माझ्या माणसांपुढे, त्याने मला दुसऱ्यांदा राखणदार म्हणून बसवलं आणि मी बसलो.

बोईसरला उतरलो तो घरी न जाता थेट पामला गेलो. ताई ओट्यावर चिकू धूत होती. घमेल्यात पाणी घेऊन टोपल्यातला एकेक चिकू चोळायचा, चीर गेलेला बाजूला टाकायचा, भावजी करायचे तसंच. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. न उचललेली खोकी, थर्माकोल, सही, आणि ‘संपल्या’ हे खोटं. ती ऐकत होती, हात चालू होते. माझं सांगून झाल्यावर तिने विचारलं, “मंग तुमाला ‘हाय’ कोणी सांगितलं?”

“माझ्या गाववाल्यानं.”

तिने हातातला चिकू पाण्यातून काढला, फिरवून बघितला आणि चांगल्यांत ठेवला.

“आनि आमाला आमच्या भावानं,” ती म्हणाली.

वाडीत कुठेतरी मोटर चालू होती, पाटातून पाणी वाहत होतं. तिने टोपलं सरकवलं, दुसरं जवळ ओढलं आणि माझ्याकडे न बघता घरात सुनेला हाक मारली.

“पावने आलेत,” ती म्हणाली. “चाय ठेव.”