दोन व्याह्यांमधली पाखरं

हिवाळ्यात एका रविवारी पनवेलच्या आसपासचे पक्षी मोजायचे आणि आकडे मुंबईला पाठवायचे, हे काम शाळेकडे आले तेव्हा शाळेने ते माझ्याकडे दिले. मला पक्ष्यांतले काही कळत होते म्हणून नव्हे. खडूपासून घंटेच्या दोरीपर्यंत सगळ्याची यादी माझ्याकडे असे. तिच्यात पाखरांनाही जागा होईल, असे मुख्याध्यापकांना वाटले. ज्यांना खरोखर पक्षी ओळखता येत, ते स्वयंसेवक कर्नाळ्याच्या जंगलात गेले. मला आणि दवाखान्यातल्या कंपाउंडरांना खाडीकाठची मिठागरे मिळाली.

छापील कागदावर आमच्या खाडीसाठी एकच रकाना होता. मला ते ढिसाळ वाटले. दोन्ही काठांना एकेक गाव, मग आकडा एकच कसा? मी पट्टी घेऊन मधोमध रेघ मारली आणि डावा काठ, उजवा काठ असे दोन रकाने केले; डावा मी मोजायचा, उजवा कंपाउंडरांनी. पुढचे सगळे त्या रेघेमुळे झाले.

पहिल्या वर्षी कोणी फारसे लक्ष दिले नाही. जनगणना नुकतीच होऊन गेली होती. आता पाखरांनाही रेशनकार्डे मिळणार, एवढीच थट्टा झाली. डाव्या काठाच्या मिठागराचे मालक साठीचे होते. सगळे त्यांना बाबा म्हणत, मीही म्हणू लागले. मोजणी संपल्यावर त्यांनी चहा दिला आणि पलीकडे किती झाली, ते सहज विचारले. कंपाउंडर होडीने इकडे आले होते; दोघांच्या याद्या पाहून मी सांगितले, इकडे एकशे दहा, तिकडे तीनशे. बाबांचा चहा बशीतच राहिला.

कारण मला परतताना कंपाउंडरांकडून कळले. पलीकडच्या मिठागराचे मालक बाबांचे व्याही होते. बाबांची एकुलती एक मुलगी त्या घरी दिलेली. लग्नाच्या पंगतीत व्याह्यांनी भाताला मीठ लावून घेतले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हटले, की मुलीकडच्या मिठात चिखल फार. पंगत हसली. मुलीचा बाप म्हणून बाबाही हसले. तेव्हापासून ते उत्तर शोधत होते, आणि मी त्यांना ते द्यायला जागा आखून दिली होती.

दुसऱ्या वर्षी बाबांनी आदल्या दिवशी बांधावर सुका जवळा पसरला. सकाळी बांध कावळ्यांनी काळा झाला होता.

"कावला पन पाखरूच ना, बाई?" त्यांनी विचारले.

नियमाने पाखरूच. मी डाव्या काठावर एकशे सत्तर कावळे लिहिले. दुपारी व्याह्यांचा निरोप आला, की घरात कोणाचे श्राद्ध होते तर आम्हाला बोलावले का नाही.

तिसऱ्या वर्षी मात्र बाबा दिवाळीच्या सुट्टीआधीच शाळेत आले आणि पाखरांना नेमके काय आवडते, ते विचारून गेले. उथळ पाणी आणि शांतता, असे मी सांगितले होते. त्यांनी मोजणीच्या पंधरा दिवस आधी मिठागरात घोटाभर पाणी घेतले, कामकऱ्यांना लांब ठेवले, कुत्री बांधून घातली. मिठाचे काम खोळंबले. मुलगे कुरकुरत होते, ते त्यांनी ऐकले नाही.

त्या सकाळी मिठागरात लांब तांबड्या पायांचे शेकाटे इतके होते, की पाणी दिसत नव्हते. सगळा गाव धुतलेले कपडे घालून बांधावर बसला होता आणि कोणी खोकतसुद्धा नव्हते. आमचा नियम सोपा होता. आठ वाजता दोन्ही काठांवर मोजणी सुरू. पुरता मोजून झाला तरच थवा लिहायचा. मध्येच उडाला तर जिथे बसेल तिथल्या माणसाने तो मोजायचा. मी दहा-दहाच्या खुणा करत दोनशे चाळीसपर्यंत आले. अजून निम्मेही झाले नव्हते.

तेवढ्यात पलीकडे कंपाउंडरांच्या शेजारी पांढरी टोपी घालून व्याही येऊन उभे राहिले. बाबांनी त्यांना पाहिले. पंधरा दिवस गावाला गप्प ठेवणारा माणूस उठला आणि तोंडाशी दोन्ही हात धरून ओरडला, "व्याही, दिसतंय का काय तिकडनं?"

सगळा थवा एकदम उठला. खाडीवर एक वळसा घेऊन तो पलीकडे, व्याह्यांच्या मिठागरात उतरला. कंपाउंडर शांतपणे मोजायला लागलेले मला दिसले.

बाबा माझ्याजवळ आले आणि मोजून झालेली तरी आपली ना, असे त्यांनी हळू आवाजात विचारले. मी नियम सांगितला. तीच पाखरे दोनदा लिहिता येणार नव्हती. त्यांनी हट्ट धरला असता तर गाव त्यांच्या बाजूने उभा राहिला असता, आणि मी काय केले असते, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. त्यांनी एकदा पलीकडच्या पांढऱ्या टोपीकडे पाहिले.

"लिवा तिकडं," मग ते म्हणाले. "पोरगी दिली तवा आमी काय राखून ठेवलं व्हतं? पाखरां पन दिली."

बांधावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. एकीने लग्नातले गाणे हळूच धरले. तिला मी गप्प केले, कारण पलीकडची मोजणी चालू होती. बाबांनी पुन्हा तोंडाशी हात नेले. मी दटावल्यासारखी पेन्सिल उगारली, तसे त्यांनी हात खाली घेतले आणि होडीवाल्याला जवळ बोलावले.

"वल्ही हलू मार," ते म्हणाले. "व्याह्यांना इचार, समदी नीट पोचली का. आन म्हनावं संबालून ठेवा, आमच्या घरची हायत."