चिंच न लावलेला रुपया

गौरवग्रंथातली माणसे फार चकचकीत असतात. त्यांचे राग, हट्ट आणि तिरकस बोलणे पुसून काढून लेखक त्यांना ओळीने मांडून ठेवतात. श्री. केशवराव चिंतलवार यांच्या पंचाहत्तरीनिमित्त लेख लिहिण्याची आज्ञा झाली, तेव्हा असे काही माझ्याकडून होणार नाही, हे मी संपादक मंडळाला आधीच कळवले. कारण स्वतः केशवरावांच्या शास्त्रात असे घासणे हा एकमेव अक्षम्य अपराध आहे, आणि तो मी एकदा केलेला आहे.

आदिलाबादच्या महाविद्यालयात मी इतिहास शिकवायला आले, तेव्हा माझ्याकडे डॉक्टरेट होती, सुवर्णपदक होते आणि त्याहून मोठा अहंकार होता. बाजारात भांड्यांचे दुकान चालवणारे एक गृहस्थ निजामी नाणी जमवतात, असे कळले. माझ्या आईच्या लक्ष्मीपूजनातला एक हाली रुपया, म्हणजे हैदराबाद संस्थानाचा चांदीचा रुपया, मी त्यांना दाखवायला नेला. चांगला दिसावा म्हणून आदल्या दिवशी चिंचेने घासून लख्ख केला होता.

केशवरावांनी भिंग लावले, रुपया एकदा उजेडात तिरपा केला आणि खाली ठेवला.

"बाई, हा तुमी मारून टाकला."

"म्हणजे?"

"चिंच लावली ना? ह्याची कातडी गेली. टाकसाळीतून निघताना जे तेज घेऊन आला होता, ते तुमच्या मोरीत वाहून गेलं."

मग त्यांनी कागदी पाकिटातून स्वतःचा रुपया काढला. करडा, कडेला निळसर झाक असलेला. मी म्हणाले, हा तर मळलेला आहे. आणि उचलायला हात पुढे केला.

"पोटाले बोट काऊन लावता? कडेनं धरा, कडेनं!"

कडेने धरून तो दारातल्या उन्हात फिरवला, आणि त्या करड्या थराखालून उजेडाचा एक पट्टा चारमिनारच्या चित्रावरून चाकासारखा फिरत गेला. माझ्या रुपयावर तो फिरला नाही. माझा रुपया नुसताच चमकत राहिला. जे नाणे व्यवहारात झिजले नाही आणि ज्याला कोणी धुतलेही नाही, त्याला केशवराव 'कोरा' म्हणतात. आपल्या भागात कोरे रुपये दुर्मीळ का, याचे उत्तर त्या दिवशी मिळाले. राज्ये बुडाल्याने ते नाहीसे झाले नाहीत; घरोघरी दर दिवाळीला भक्तिभावाने चिंच लावल्याने झाले.

आत चहा करणाऱ्या त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, तेवढ्यात संधी साधली. "आमच्या घरी लक्ष्मीले आंघोळ नाई, बाई. तशीच पारोशी पाटावर बसते."

"पारोशी हाये म्हणून टिकली," केशवराव म्हणाले.

माझा रुपया त्यांनी मागून घेतला. पाकिटात घालून वर लिहिले, 'एका शिकलेल्या बाईचा'. नाव लिहिले नाही. नवख्यांना धडा देताना गेली कित्येक वर्षे ते हे पाकीट काढतात आणि मी समोर असले तरी माझ्याकडे पाहत नाहीत. त्यांच्या सौजन्याची याहून मोठी साक्ष माझ्याकडे नाही.

हा छंद त्यांना संस्थान विलीन झाल्यानंतरच्या काळात लागला. हाली जाऊन कलदार, म्हणजे भारत सरकारचा रुपया, आला. लोक हाली रुपये बदलून घेत होते, आणि विशीही न गाठलेले केशवराव त्यांतले कोरे वेगळे काढत होते. "राजा गेला, आन् तू त्याचे ठोकळे सांभाळून राह्यला?" असे वडील डाफरत. "राजाचे नाई बाबा, ठसा करणाऱ्या कारागिराचे," हे त्यांचे उत्तर. पुढे भाषावार प्रांतरचना झाली, आदिलाबाद तेलुगू भाषिक राज्यात गेले आणि पैनगंगा ही नुसती नदी राहिली नाही, सीमा झाली. मेहुणे पलीकडे गेले. "भाऊजी, इथं तुमची मराठी वाचणार कोण?" असे त्यांनी विचारले. "मी वाचीन की," म्हणून केशवराव इथेच राहिले.

ती मराठी त्यांच्या पाकिटांवर आहे. दर पाकिटावर गाव, घर आणि हकीकत. 'जैनथ. ज्वारीच्या कणगीत पुरचुंडीत राहिला.' 'इंद्रवेल्ली. म्हातारीने मुलीच्या लग्नातही मोडला नाही.' देणारा तेलुगू किंवा उर्दू बोलणारा असेल, तर त्याच्या भाषेतही एक ओळ. इतकी काटेकोर नोंद मी भल्या विद्यापीठांत पाहिलेली नाही.

आणि तरीही गेल्या वर्षी माझी मती फिरली. आता पुन्हा नव्या राज्याची चर्चा आहे. पुन्हा कोण कुठले, हे विचारले जाणार. हा संग्रह या आडगावी नष्ट होईल, या भयाने तो पुण्याच्या एका संस्थेला देण्याचे पत्र मी स्वच्छ अक्षरात लिहिले आणि सहीसाठी त्यांच्यापुढे ठेवले. तिथे हवा कोरडी ठेवलेली खोली आहे, तज्ज्ञ आहेत, जाणकार आहेत, असे बरेच बोलले.

त्यांनी पत्र शेवटपर्यंत वाचले. "तिकडं चिठ्ठीवर काय लिहितील?"

"हैदराबाद संस्थान, रुपया, चांदी, उत्तम अवस्था."

"आन् जैनथ? ते कणगी? ते म्हातारी?"

त्यांनी कपाटातून एक पाकीट काढून माझ्या पत्रावर ठेवले. 'एका शिकलेल्या बाईचा'.

"बाई," ते म्हणाले, "तुमी पुन्हा चिंच लावून राह्यल्या."

पत्र मी तिथेच फाडले. आता गावच्या वाचनालयाने एक कोरडी खोली दिली आहे. संग्रह तिथे अखंड राहील, पाकिटांसह, तिन्ही लिप्यांसह. आदिलाबादेत हे कोणाला कळणार, असे विचारणाऱ्या विद्वानांनी अवश्य यावे. दारात त्यांना नाणे कडेने धरायला शिकवले जाईल. शिकवायला मी बसणार आहे, आणि पहिले पाकीट माझेच निघेल.

केशवराव रागीट आहेत, हट्टी आहेत, चुकलेल्याला चारचौघांत चुकला म्हणतात. यातले काहीही मी पुसलेले नाही. त्यांना शंभर वर्षांचे निरोगी आयुष्य लाभो, भिंगामागची नजर शेवटपर्यंत शाबूत राहो, आणि त्यांना कोणी चिंच न लावो.